भीमसिंगचे दगड

आमच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, दगडांचा एक ढीग आहे. माणसाच्या छातीला लागेल एवढा. पूर्वी तिथे मगनशेठच्या लाकडाच्या वखारीचं फाटक होतं. शहाद्याकडून तोरणमाळच्या पायथ्याशी कोणी नवा माणूस आला, की मीठ-गूळ घेता घेता विचारतो, "मीनाबाई, समोर कोनता देव शे?" मी सांगते, देव नव्हे, भीमसिंग. एवढ्याने त्याचं समाधान होत नाही, आणि सगळं सांगितल्याशिवाय मलाही करमत नाही.

हा ढीग फुलवंताबाईने घातला. तिची गोष्ट सांगण्याआधी एक सांगून टाकते. सूड घेऊन काय मिळतं, मन मोठं करावं, असं म्हणणाऱ्यांचं आणि माझं कधी जमलं नाही. मी विधवा झाले त्या वर्षी माझ्या दिराने विहिरीची वाट बंद केली. त्याच्या घरचं पाणी मी आजतागायत पीत नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलेलं नाही. मन मोठं करा म्हणणाऱ्यांचं बहुतेक काही गेलेलं नसतं. फुलवंताबाईने जरा जास्तच केलं, असं म्हणणारे आमच्या गावात आहेत. त्यांना मी उधार देत नाही.

फुलवंताबाई पावरा जातीची, वर डोंगरात मोहझिरा नावाच्या पाड्यावर राहणारी. बुटकी, काटक, पायात जाड कडी. दर बाजाराला टोपलीत चारोळी आणि डिंक घेऊन खाली उतरायची, आणि आधी माझ्या ओट्यावर टेकायची. घरात ती पावरी बोले, माझ्याशी बाजारातली अहिराणी. आमची इतकी वर्षांची ओळख, पण माझ्या तराजूवर तिचा कधी विश्वास बसला नाही. मीठ घेताना काट्याकडे अशी टक लावून बघायची, की मलाच आपल्या वजनांची शंका यायची.

भीमसिंग तिचा नवरा. पन्नास सालानंतरची ती वर्षं म्हणजे डोंगरात ठेकेदारांचं राज्य. मोहझिऱ्याच्या वरचा कूप, म्हणजे सरकारने तोडीला दिलेला जंगलाचा तुकडा, मगनशेठने घेतला, तेव्हा भीमसिंग आपली बैलजोडी घेऊन त्याच्याकडे लाकूड ओढायला लागला. तोडलेले ओंडके बैलांनी वळणावळणाच्या वाटेने खाली आणायचे, अशी रीत. त्याला दिवस लागतात. मगनशेठला तेवढा धीर नव्हता. त्याने उतारावर सरळ खाली एक घसरण पाडली. झाड, झुडूप, गवत सगळं खरवडून काढलेला लाल मातीचा पट्टा. वरून ओंडका सोडला, की तो धाडधाड आपटत थेट ओढ्यापर्यंत जायचा. सोडण्याआधी वरच्या माणसाने हाक द्यायची, एवढी एकच काळजी घ्यायची होती. पावसाळा तोंडावर आला तशी घाई झाली आणि मगनशेठने हाक देणारा माणूसही तोडीवर लावला. भीमसिंग खाली ओढ्यात बैलांना पाणी पाजत होता. बैल वाचले.

पंचनाम्याला लोक आले तेव्हा मगनशेठने सांगितलं, हा प्यायलेला होता आणि लाकूड चोरायला आला होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. जो दिवसभर त्याच्याच कामावर होता, तो मेल्यावर चोर ठरला. फुलवंता आपल्या जेठाला, म्हणजे थोरल्या दिराला, उदेसिंगला, घेऊन वखारीत आली. मी दुकानातून सगळं ऐकत होते. तिने पैसा-अडका मागितला नाही. एवढंच म्हणाली, "शेठ, बाजारमा चार मानसंसमोर सांगा, तो चोर नव्हता." मगनशेठने तिच्यापुढे ज्वारीचं पोतं टाकायला लावलं आणि म्हणाला, "हाई ली जाय, आनि आते ते नाव काढू नको." पोतं तिथेच राहिलं. तिच्या चेहऱ्यावरून माझ्या ध्यानात आलं, की हे इथे संपणार नाही.

असं अवचित मरण आलं, तर त्या पाड्यांत मेलेल्याला नुसतं जाळून-पुरून भागत नाही. माणूस जिथे पडला तिथेच राहतो, असं ते मानतात. मग त्या जागेवर त्याच्या नावाचा लाकडी खांब रोवायचा, त्याच्या माथ्याला शेंदूर लावायचा, आणि जो कोणी त्या वाटेने जाईल त्याने एक दगड ठेवायचा. ढोल वाजत असेल तर तो थांबवायचा. तिथे कुऱ्हाड चालवायची नाही. दगड ठेवला की मेलेल्याला कळतं, आपल्याला कोणी विसरलेलं नाही. न ठेवता पुढे गेलात, तर तो तुमच्या मागे येतो. घसरणीच्या तळाशी, ओढ्याच्या काठाला, फुलवंताने खांब रोवला. रोज सरपणाला जाताना ती एक दगड ठेवायची आणि मगनशेठच्या नावाने बोटं मोडायची. या दोन गोष्टी तिने कधी चुकवल्या नाहीत.

इकडे ती घसरण स्वस्थ बसली नाही. मातीवरचं पांघरूणच काढलेलं. पहिल्या पावसाळ्यात तिथे पाण्याचा पाट पडला, पुढे पाटाचा नाला झाला, आणि खाली पायथ्याशी सरकारने बांधलेला नवा तलाव लाल गाळाने भरू लागला. महाराष्ट्र राज्य झालं त्याच सुमाराला ह्याची चौकशी सुरू झाली. माती येते कुठून? मगनशेठ साहेबलोकांना जीपमधून फिरवत होता. त्याचं उत्तर तयार होतं. म्हणाला, पावरे लोक जंगल जाळून शेतं करतात, माती त्यांच्या शेतांतून येते, तो पाडा उठवून खाली आणा. त्याला पुढचा मोठा कूप हवा होता, आणि मोहझिरा नेमका त्याच्या वाटेत बसलेला होता.

मग एक साहेब आले. पुण्याकडचे, बारीक, सायकलवर फिरणारे. लोक त्यांना मातीसाहेब म्हणत. माणूस सरळ होता. ते म्हणाले, मी शेठचंही ऐकणार नाही आणि पाड्याचंही नाही, मातीलाच विचारतो. त्यांची रीत सोपी होती. उतारावर लोखंडी खुंट्या ठोकायच्या, वीतभर वर राहतील अशा. पावसाळा संपला की परत येऊन मोजायचं. खुंटी जास्त उघडी पडली तर तेवढी माती गेली, बुजली तर तेवढी साचली. काही खुंट्या मगनशेठच्या तोडलेल्या उतारावर, घसरणीवरून खालपर्यंत ओळीने, आणि काही पाड्याच्या शेतांच्या उतारावर. तीन पावसाळे मोजून निकाल द्यायचा. ज्या उताराची माती जास्त जाईल, तो बंद. शेतांची गेली तर पाडा उठेल, घसरणीची गेली तर मगनशेठला पुन्हा कूप मिळणार नाही.

कडेच्या गवतातून दिसाव्यात म्हणून घसरणीवरच्या खुंट्यांची टोकं साहेबांनी लाल रंगवली होती. शेतांतल्या खुंट्यांना नुसत्या चिंध्या बांधल्या, कारण तिथे गवत नव्हतं. आता भीमसिंगच्या खांबापासून वरपर्यंत, जमिनीत रोवलेल्या लाल माथ्याच्या खुंट्या. दुसऱ्या कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, सरकारी काम असेल. मोहझिऱ्याच्या लोकांनी पाहिलं आणि त्यांना वाटलं, सरकारने भीमसिंगच्या नावाचे खांब रोवले.

पुढच्या बाजाराला फुलवंता माझ्या ओट्यावर बसली तेव्हा तिचा चेहरा मी ओळखला नाही. इतकी शांत. "सरकारनी मन्हा नवराना नावना खांब गाडात, मीनाबाई," ती म्हणाली. "तो चोर ऱ्हाता त गाडता का?" मला काय माहीत खुंट्या कसल्या! मी तिला चहा पाजला. पाड्यावरच्या प्रत्येकाने प्रत्येक खुंटीपाशी दगड ठेवायला सुरुवात केली. तोरणमाळला जाणारे-येणारेही ठेवू लागले. खुंट्यांभोवती चांगले गुडघाभर ढीग झाले.

आणि मग एक दिवस मगनशेठ स्वतः घसरणीवर गेला. नारळ घेऊन. सगळ्यांसमोर त्याने दगड उचलला, ठेवला, हात जोडले. वर सरकार खूश असल्याचं सांगितलं, "साहेब सांगतस, सरकारले आनंद व्हयना. आखो दगड ठेवा, समदा खुंट्यास्ले ठेवा." आपल्या गाडीवानांनाही त्याने येता-जाता दगड ठेवायला लावलं. फुलवंता ते बघून रडली. त्या दिवसापासून तिने त्याच्या नावाने बोटं मोडणं सोडलं. मला मात्र ते हात जोडणं पटलं नव्हतं. मगनशेठ देवळातसुद्धा कोणी बघत असेल तरच हात जोडायचा. पण तिच्या जिवाला बरं वाटत होतं, मी कशाला मध्ये बोलू?

असे दोन पावसाळे गेले. तिच्या उभ्या आयुष्यातली मन मोठं केलेली तेवढीच दोन वर्षं, आणि ती तिला किती महाग पडली ते ऐका.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर थंडीत मातीसाहेब मोजणीला आले. पहिल्या वर्षी त्यांच्या हाताखालच्या माणसांनीच मोजणी केली होती, आणि दगडांचं त्यांच्या कानावर घातलं होतं. साहेबांनी घसरणीवरचे ढीग पाहिले, कपाळावर हात मारला आणि एका खुंटीपाशी वाकून दगड बाजूला काढला. फुलवंता तिथेच गवत कापत होती. विळा घेऊन ती त्यांच्या अंगावर धावली. साहेबांचा शिपाई पळाला. उदेसिंग मध्ये पडला म्हणून बरं झालं. भाऊ गेल्यानंतर उदेसिंग रनाळ्याला सालगडी म्हणून राहिला होता, त्याच वर्षी घरी परतलेला, आणि त्याला साहेबांची मराठी कळत होती. पुढचं सगळं मला त्यानेच सांगितलं.

साहेब म्हणाले, "यांना सांगा, तुमच्या माणसाचा अपमान करायला मी आलेलो नाही. पण खुंट्यांजवळ दगड ठेवू नका, असा निरोप मी पहिल्याच वर्षी पाठवला होता."

"कोनासंगे?" उदेसिंगने विचारलं.

"मगनशेठबरोबर. म्हणाले, मला यांची भाषा येते, मी समजावतो. दगडांनी माती अडते आणि मोजणी फसते, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं होतं."

उदेसिंगने सांगितलं, की शेठने आम्हाला उलटं सांगितलं. साहेबांना आनंद झाला, अजून दगड ठेवा, असं. साहेब खाली बसले. मग त्यांनी फुलवंताला हाताने खूण करून बोलावलं आणि दाखवलं. दगडाखाली माती जागच्या जागी, उलट वरून वाहत आलेला गाळ अडून थोडी चढलेलीच. आणि दोन हात बाजूला, जिथे दगड नव्हते तिथे, माणूस उभा राहील एवढा खोल नाला. ढिगांखालची जमीन तेवढी उंच राहिलेली, बाकी सगळा उतार खचलेला.

"हे डोळ्यांना दिसतं," साहेब म्हणाले, "पण वर ऑफिसात माझे डोळे पाठवता येत नाहीत, खुंट्यांचे आकडे पाठवावे लागतात. मी ढिगांबद्दल लिहिलंही, ते कोणी वाचत नाही. आकडे म्हणतात, घसरणीची माती जागेवर आहे आणि शेतांची जाते आहे. नवी खुंटी ठोकली तर तुम्ही तिलाही दगड ठेवणार. अजून एक पावसाळा आहे. दगड काढा असं मी सांगणार नाही. मला तो अधिकार नाही."

फुलवंताला सगळं समजलं. ज्या हातांनी तिने रोज नवऱ्याला दगड ठेवला, त्याच हातांनी ती मगनशेठचा उतार सावरत होती. तिचा पाडा उठणार होता तो तिच्याच दुखवट्याच्या आधारावर. त्या नारळाची, त्या जोडलेल्या हातांची आठवण होऊन तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उदेसिंग सांगतो, ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मेल्यावरही तो शेठच्याच कामावर होता."

दगड काढायचे, हे तिने तिथेच ठरवलं. पण ते सोपं नव्हतं. पाड्याच्या पुजाऱ्याने सांगितलं, मेलेल्याला एकदा बसवलं की उठवत नाहीत. उठवलंच, तर त्याच दिवशी दुसरी जागा द्यावी लागते. नाहीतर तो उघड्यावर फिरतो आणि आपल्याच घरात शिरतो. बायका घाबरल्या. कोणी म्हणालं, त्याला आपल्या शेताच्या बांधावर आणू. कोणी म्हणालं, मोहाच्या झाडाखाली. फुलवंता सगळं ऐकून घेत होती. शेवटी तिने एकच गोष्ट विचारली. ज्याच्यामुळे मेला त्याच्या दारात बसवला तर चालतं का? पुजाऱ्याने विचार केला. असं कोणी केलेलं नाही, म्हणाला, पण चालत नाही असंही कोणी सांगितलेलं नाही.

दिवस तिने निवडला तो भोंगऱ्याचा. होळीच्या आधीचा हा बाजार म्हणजे सगळा डोंगर खाली उतरतो. पाड्यापाड्यांचे ढोल, बासऱ्या, पोरी नटलेल्या, आणि सगळ्यांची वाट एकच, माझ्या दुकानापुढून आणि मगनशेठच्या फाटकावरून जाणारी. सकाळी ऊन वर येता येता मी दुकान उघडत होते, तर समोर उदेसिंग खड्डा खणताना दिसला. खांद्यावरून आणलेला लाल माथ्याचा खांब शेजारी पडलेला. फुलवंताच्या डोक्यावर टोपली. तिच्या मागे मोहझिऱ्याच्या बायकांची रांग, प्रत्येकीच्या डोक्यावर टोपली, आणि टोपल्यांत दगड. एवढा घाट त्या दगड घेऊन उतरल्या होत्या.

खांब रोवला तसा मगनशेठ फाटकातून बाहेर आला. आधी हसला. मग त्याला कळलं.

"ओ बाई! हाई काय मांडी ऱ्हायनी तू मन्हा दारमा? उचल त्या धोंडा!"

फुलवंताने टोपली उतरवली. एकेक दगड काढून ठेवू लागली. खांबाकडे बोट दाखवत म्हणाली, "रस्ता सरकारना शे, शेठ. मन्हा नवराले तठून उठाडं. आते तो आठे ऱ्हाई."

"येडी व्हयनी का? पोलिसले बलावू का?"

"बलावा," ती म्हणाली. मग सरळ उभी राहिली. "तुम्हीच त तठे दगड ठेवा व्हता. नारय लीसन, हात जोडीसन. आते आठे बी ठेवा."

मगनशेठ एवढा बोलघेवडा माणूस, पण पाच-पन्नास माणसांसमोर ते वाक्य त्याला गिळता येईना की थुंकता येईना. मी माझ्या ओट्यावर उभी होते, आणि मला जे वाटलं ते लपवत नाही. दिवाळीला वाटत नाही एवढा आनंद झाला.

तेवढ्यात पहिला ढोल आला. वळणावरून वाजत येत होता. लाल माथा दिसला आणि ढोल थांबला. ढोलवाल्याने विचारलं, कोण? उदेसिंगने सांगितलं, भीमसिंग, मोहझिऱ्याचा, ह्या शेठच्या ओंडक्याखाली मेला. ढोलवाला वाकला. दगड शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. वखारीच्या अंगणात टाकायला मगनशेठनेच खडी आणून रस्त्याकडेला ओतली होती. एक दगड त्याने उचलला आणि ठेवला. त्याच्या मागच्याने ठेवला. नटलेल्या पोरींनी ठेवले. दिवसभर एकेक ढोल वळणावरून वाजत यायचा, फाटकापाशी गप्प व्हायचा आणि पुढे जाऊन पुन्हा वाजायचा. प्रत्येक जण विचारायचा कोण, आणि प्रत्येकाला सांगितलं जायचं. चार माणसांसमोर सांगा असं ती ज्याला म्हणाली होती, त्याच्या दारात ते अख्ख्या डोंगरासमोर सांगून झालं.

दुपारी मगनशेठची म्हातारी आई, जसोदाबाई, काठी टेकत बाहेर आली. त्या दोघांचं घरात बोलणं गुजरीत, त्यांच्या गुजर बोलीत, चाले, पण त्या दिवशी ती सगळ्यांना कळेल असं बोलली. खडीतला एक दगड तिने उचलला.

"आई, तू कसाले?" मगनशेठ ओरडला.

"तू ठेवत नही, म्हनीसन मी ठेवस," म्हातारी म्हणाली. "मन्हा घरमा लेकरं शेतस." तिने दगड ठेवला आणि आत गेली. मुलाकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

तिथून पुढे मगनशेठला उतरती कळा लागली. मेलेल्याच्या जागेवर कुऱ्हाड चालवायची नाही, ही त्या लोकांची रीत. वखारीत तर दिवसभर कुऱ्हाडच चालते. होळी झाली, पण कामावर कोणी परतलं नाही. ढीग उचलायला त्याने गावातल्या मजुरांना सांगितलं, कोणी हात लावेना. स्वतः एकदा संध्याकाळी दोन-चार दगड उचलून फेकले, तर पुढच्या बाजारी दहा पटीने जास्त आले. लांबून मजूर आणले. तेही माझ्याच दुकानात विडी घ्यायला यायचे आणि विचारायचे, समोर काय आहे. मी सांगायचे, सविस्तर. त्यांच्यातले फारसे कोणी टिकले नाहीत.

पाऊस त्या वर्षी चांगला झाला. दिवाळीनंतर मातीसाहेब आले आणि घसरणीवर गेले. दगड नव्हते, तर उताराने आपलं खरं रूप दाखवलं. खुंट्या मांडीएवढ्या उघड्या पडल्या होत्या, आणि वरच्या बाजूच्या काही तर सापडल्याच नाहीत, मातीबरोबर त्याही तलावात गेल्या. शेतांतल्या खुंट्या बोट-दोन बोटं उघड्या. साहेबांनी आकडे पाठवले. उतार बंद झाला, मगनशेठचा पुढचा कूप गेला, आणि मोहझिरा जिथे होता तिथे राहिला.

फुलवंताला हे फुकट मिळालं नाही, तेही सांगायला हवं. भीमसिंग जिथे पडला ती ओढ्याकाठची जागा त्याच पावसाने खाऊन टाकली. ज्या दरडीवर बसून ती नवऱ्याशी बोलायची ती दरडच राहिली नाही. दगड तिथे असते तर कदाचित राहिली असती. हे तिने मला एकदाच सांगितलं, आणि ते सांगताना ती समोरच्या ढिगाकडे बघत होती. मी विचारलं, "पस्तावा व्हस का?" ती म्हणाली, "नही." मग टोपली उचलताना म्हणाली, "पन याद येस." दर बाजाराला ती यायची, आधी समोर दगड ठेवायची आणि मग माझ्याकडे मिठाला.

मगनशेठने वखार बंद केली. घर-वखार विकायला काढलं, गिऱ्हाईक येईना. जसोदाबाई वारली तशी तो बायकापोरांना घेऊन शहाद्याला गेला. फाटक कुजलं, कोणीतरी जळणाला नेलं. खांब आणि ढीग तेवढा राहिला.

आता शेवटची गोष्ट, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी घडलेली. बाजाराचा दिवस. सकाळच्या एसटीतून मगनशेठ, आता नुसता मगनभाई, उतरला. मी ओळखलंच नाही. कपडे अंगावर लोंबत होते, गालफडं बसलेली. दुकानात आला नाही. रस्त्यापलीकडे ढिगाजवळ उन्हात उभा राहिला. कोणाची वाट बघतोय ते मला कळलं, म्हणून मी गिऱ्हाईक सोडून ओट्यावर आले. फुलवंता वळणावरून येताना दिसली, तसा तो वाकला, त्याने एक दगड उचलला आणि ढिगावर ठेवला. हात जोडले नाहीत. म्हणाला, "फुलवंताबाई, भीमसिंग चोर नव्हता. हाक देनारा मानूस मीच काढा व्हता." बाजाराची माणसं थांबली होती, सगळ्यांनी ऐकलं. इतकी वर्षं तिने जे मागितलं होतं, ते त्याने शेवटी सांगितलं, आणि माझी खात्री आहे, या वेळी ते खरं होतं.

फुलवंताने ऐकून घेतलं. टोपली खाली ठेवली. मग ढिगावरून त्याने ठेवलेला दगड तिने बरोबर शोधून उचलला आणि त्याच्या हातात परत दिला.

"हाऊ तुमनाजोडेच ऱ्हाऊ द्या, शेठ," ती म्हणाली. "एक दिन तुम्हले बी लागी."

स्वतःचा दगड तिने ठेवला, टोपली उचलली आणि रस्ता ओलांडून माझ्याकडे मीठ घ्यायला आली. काट्यावरची नजर तिने तेव्हाही हलवली नाही. मगनभाई तसाच उभा होता. दुपारची एसटी आली तेव्हा तो दगड हातात घेऊनच चढला.